मॉन्टिचेलोची लेखणी

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या दोन कारकिर्दी पूर्ण करून थॉमस जेफर्सन मार्च १८०९ मध्ये व्हर्जिनियातील मॉन्टिचेलो या डोंगरमाथ्यावरील आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. शेती, ग्रंथ आणि नातवंडे यांच्या सहवासात उरलेले आयुष्य घालवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात पुढची सतरा वर्षे बहुतांशी लिहिण्याच्या मेजाशीच गेली. एकट्या १८२० साली आपल्याला १,२६७ पत्रे आल्याची मोजदाद त्यांनी स्वतःच केली होती. मनगटाच्या जुन्या दुखापतीने लिहिणे क्लेशदायक झाले होते. तरीही ते उत्तरे देत राहिले. दोन लेखण्या जोडलेल्या यंत्रावर ते लिहीत असल्याने प्रत्येक पत्राची नक्कल त्यांच्यापाशी राही. त्या नकलांमुळेच त्यांचे निवृत्तीतील मन आज वाचता येते.

या पत्रव्यवहारातील सर्वांत हृद्य पर्व जॉन अ‍ॅडम्स यांच्याशी संबंधित आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी १७७६ मध्ये खांद्याला खांदा लावून झटलेले हे दोन मित्र १८०० च्या निवडणुकीने परस्परांचे वैरी झाले. पराभूत अ‍ॅडम्स आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या शपथविधीलाही थांबले नव्हते. डॉ. बेंजामिन रश या दोघांच्या स्नेह्याने चिकाटीने मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्स यांनी पहिले पत्र धाडले. त्यानंतर चौदा वर्षे धर्म, ग्रीक वाङ्मय, फ्रेंच राज्यक्रांती, वार्धक्य, गुणवंतांचे राज्य अशा नाना विषयांवर हे दोन वृद्ध वाद घालत राहिले. अ‍ॅडम्स यांची पत्रे संख्येने जेफर्सन यांच्या दुपटीहून अधिक होती, पण त्याचा हिशेब कोणीच मांडला नाही.

याच काळात ब्रिटिशांनी १८१४ मध्ये जाळलेल्या काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी जेफर्सन यांनी आपला सुमारे साडेसहा हजार ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरना दिला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इमारतींपासून अभ्यासक्रमापर्यंतची आखणी केली आणि १८२५ मध्ये त्याचे वर्ग सुरू झालेले पाहिले. १८२१ मध्ये आरंभलेले आत्मवृत्त मात्र त्यांनी १७९० पर्यंत आणून सोडून दिले.

तथापि या विपुल लेखनात एक पत्र असे आहे की जेथे ही लेखणी कचरली. ३१ जुलै १८१४ रोजी एडवर्ड कोल्स या व्हर्जिनियातीलच तरुणाने, अध्यक्ष मॅडिसन यांच्या चिटणिसाने, त्यांना एक विनंती केली. सर्व माणसे समान असल्याचे जगाला सांगणाऱ्या पुरुषाने आता गुलामांच्या क्रमशः मुक्तीची योजना आखून तिचे नेतृत्व करावे, असे त्याचे म्हणणे होते. जेफर्सन यांनी महिनाभरातच उत्तर दिले. गुलामगिरीविषयीचे आपले प्रतिकूल मत कायम असल्याची ग्वाही त्यांनी दिली. पण हे कार्य तरुणांचे आहे, असे सांगून स्वतः बाजूला राहिले. उलट, आपल्या गुलामांना सोडून प्रांत त्यागू नये, असा सल्ला त्यांनी कोल्स यांनाच दिला. कोल्स यांनी तो मानला नाही. १८१९ मध्ये इलिनॉयकडे जाताना वाटेतच त्यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले, जमिनी दिल्या आणि पुढे त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून तेथे गुलामगिरी रुजवण्याचा प्रयत्न १८२४ मध्ये हाणून पाडण्यात पुढाकार घेतला.

जाहीरनाम्याच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, ४ जुलै १८२६ रोजी, दुपारी जेफर्सन यांची आणि त्याच सायंकाळी अ‍ॅडम्स यांची प्राणज्योत मालवली. या योगायोगाने सारे राष्ट्र भारावून गेले. जेफर्सन यांच्या मागे मात्र लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज उरले होते. मृत्युपत्राद्वारे त्यांनी केवळ पाच गुलामांना मुक्ती दिली होती. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोच्या आवारात लिलाव झाला आणि सुमारे १३० स्त्री-पुरुष व मुले विक्रीस काढली गेली.

आपल्या समाधिलेखात त्यांनी अध्यक्षपदाचा उल्लेख टाळला; स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ एवढीच नोंद ठेवली. काय स्मरावे हे त्यांनी ठरवून ठेवले होते. पण प्रत्येक पत्राची नक्कल जपण्याची सवयही त्यांचीच, आणि त्या नकलांत कोल्स यांना दिलेला नकारही जपला गेला आहे.