पद दिले, पाणी नाकारले

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आली की घटनेचे शिल्पकार, अर्थतज्ज्ञ, कायदेपंडित म्हणून त्यांचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु बाबासाहेबांनी नोकरीही केली होती, त्या नोकरीने त्यांचा छळ केला होता आणि त्या छळातूनच कामाच्या जागेचे नियम बदलण्याचा लढा उभा राहिला, ही बाजू भाषणांमध्ये दोन वाक्यांत आटोपली जाते. आज मानवतसारख्या तालुक्याच्या गावी आपला एक मुलगा जिनिंगमध्ये हमाली करतो, दुसरा सफाईच्या कंत्राटावर राबतो आणि तिसरा आरक्षणाच्या जागेवर कारकून होऊन टेबलामागे बसतो. या तिघांनीही बाबासाहेबांची ही बाजू समजून घेण्याची गरज आहे.

काम म्हणजे नुसता पगार नव्हे. ज्या जागी आपण दिवसाचे आठ-दहा तास घालवतो, ती जागा आपण कोण आहोत हे आपल्याला रोज सांगत असते. बाबासाहेबांच्या घरातच याचा पुरावा होता. त्यांचे आजोबा मालोजी आणि वडील रामजी हे दोघेही लष्करात होते. त्याच जातीचा माणूस गावात राहिला तर येसकर, आणि पलटणीत गेला तर सुभेदार! माणूस बदलला नव्हता, जात बदलली नव्हती. फक्त संस्था बदलली होती. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक झाले. घरात वाचन आले, शिस्त आली, मुलाला शिकवण्याची जिद्द आली. पुढे इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली आणि एका समाजाची नवी ओळखच हिरावून घेतली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी यासाठी बाबासाहेबांनी केलेला पाठपुरावा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. महाराज सयाजीराव गायकवाडांची इच्छा चांगली होती, नेमणूकही मोठ्या अधिकाऱ्याची होती. पण कचेरी महाराजांच्या इच्छेवर चालत नव्हती, ती जातीच्या रिवाजावर चालत होती. हाताखालचे शिपाई फायली दुरून टेबलावर फेकत. कचेरीत त्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे.

राहण्यासाठी तर शहरात जागाच मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ पडलेली, वीज नाही, एक छोटा कंदील आणि वटवाघळांची फडफड! अर्थशास्त्रात पारंगत झालेला हा तरुण दिवसा अधिकारी होता आणि रात्री स्वतःचे नाव लपवून जगत होता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी लोक दारात उभे राहिले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या दोन मित्रांनीही आसरा दिला नाही. काही तास बागेत बसून काढल्यावर बाबासाहेबांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आज ज्याला मानसिक ताण म्हणतात, तो एखाद्या संस्थेची रचनाच कसा निर्माण करते, याचे याहून धडधडीत उदाहरण कोणते?

मुंबईतही तेच घडले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात राज्यअर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान तन्मयतेने ऐकू लागले, पण प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बडोद्यात शिपाई होते, इथे प्राध्यापक होते. रोग एकच होता. पदवी माणसाला खुर्चीपर्यंत नेते, परंतु खुर्चीभोवतीचे नियम पदवीने बदलत नाहीत, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या देहावर अनुभवले.

म्हणूनच पुढच्या आयुष्यात त्यांनी स्वतःपुरती चांगली नोकरी शोधली नाही, तर नियमांनाच हात घातला. पहिला घाव महारवतनावर! सरकारी सांगावे पोचवणे, वसुलीबरोबर तालुक्याला जाणे, साहेबांच्या पुढे धावणे, मेलेल्याची खबर परगावी नेणे अशी कामे होती, पण त्यांना ना वेळ होती ना ठरलेला पगार. घरचा कर्ता गावाला गेला तर बायकापोरांनी हजर व्हायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भीक. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. आपलेही काही लोक वतनाच्या तुकड्याला चिकटून होते. गुलामीलाच माणूस आपली ओळख मानू लागतो, तेव्हा बेडी तोडणे किती अवघड होते, हे यातून दिसते. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

गिरण्यांतही हेच होते. जास्त मजुरीच्या साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा ओढताना आणि तुटलेला धागा जोडताना तोंड लागते! लाल बावट्याखाली एकत्र लढणाऱ्या सवर्ण कामगारालाही हा विटाळ चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपल्या मानवत रोड स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग याच मनमाडला मिळतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे बजावले. आपला माणूस रुळावरचा गँगमन होतो, पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. नोकरी रेल्वेची आणि अट मास्तरच्या स्वयंपाकघराची!

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणींत ते स्वतः उतरले. सेवायोजन कार्यालये, खाणकामगारांसाठी कल्याण निधी, खाणीतील स्त्रियांना प्रसूतिलाभ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ही कामे त्याच काळातली. १९४३ मध्येच केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. ज्याला कचेरीत पाणी मिळाले नाही, त्याने सर्व जातींच्या कामगारांना विसावा मिळवून दिला.

आता आपण स्वतःला विचारावे. सफाईचे काम आजही कोणत्या वस्तीच्या वाट्याला येते? कंत्राटदार बदलतो, पण झाडू धरणारे हात तेच राहतात. हातमोजे नाहीत, पगाराची पावती नाही, भविष्यनिर्वाह निधी कुठे जमा होतो ते ठाऊक नाही. हाताने मैला उचलण्यास १९९३ आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी असली तरी गटारात माणसे गुदमरून मरतातच. आणि आरक्षणाने खुर्ची मिळालेले आपले बांधव? त्यातले कितीजण कार्यालयात आडनाव चोरून बोलतात, कितीजण जयभीम गिळून टाकतात? त्यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. बडोद्यात बाबासाहेबांनाही नाव लपवावे लागले होते. फरक एवढाच की बाबासाहेब लपून बसले नाहीत, त्यांनी ती व्यवस्थाच चव्हाट्यावर मांडली.

म्हणून खुर्चीवर बसलेल्यांनी पहिले काम हे करावे, की आपल्याच कार्यालयात झाडू मारणाऱ्या माणसाला नावाने हाक मारावी आणि आपल्या शेजारी बसवून चहा पाजावा. दुसरे काम, त्याच्या पगाराची पावती कंत्राटदाराकडे लेखी मागावी. हमाल, सफाई कामगार आणि कारकून एका संघटनेत बसले तरच कामाच्या जागेचे नियम बदलतील. यंदा मिरवणुकीची वर्गणी गोळा करताना वस्तीवस्तीत ही यादीही तयार करा : कोण कुठे राबतो, किती तास राबतो आणि हातात किती मिळते. बाबासाहेबांच्या जयंतीचे खरे काम तिथून सुरू होते.