महादजी शिंदे : मत आणि पुरावा



थोर पुरुषांविषयी आपले मत लिहा, असे सांगितले की वह्यांत विशेषणांची गर्दी होते. महादजी शिंदे शूर होते, मुत्सद्दी होते, थोर होते, एवढ्यावरच पान भरते. परंतु नुसते विशेषण म्हणजे मत नव्हे. ज्या मताच्या पाठीशी घडलेली गोष्ट उभी आहे, तेच मत. आणि अशा गोष्टी चरित्रांत सापडतात. महादजींचे वारस दौलतराव यांनी १८१० मध्ये आपल्या शहरी छावणी केली आणि त्या छावणीवरून लष्कर हे नाव रूढ झाले. तेव्हा उदाहरणासाठी आम्ही महादजींचेच चरित्र घेतो.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे धाकटे पुत्र. १७४५ मध्ये पितृछत्र हरपले. १७५५ मध्ये थोरले बंधू जयाप्पा नागोरास मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी यमुनाकाठी बुराडीच्या घाटावर धारातीर्थी पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पुतणे जनकोजी शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकले आणि स्वतः महादजी पायास जबर जखम होऊन जन्माचे अधू झाले. राणेखान नामक भिस्त्याने त्यांस बैलावर घालून वाचविले, अशी परंपरागत कथा आहे. कथा ही कथा म्हणूनच सांगावी. मात्र राणेखान पुढे महादजींचा मोठा सरदार झाला, हा इतिहास आहे. महादजी कृतज्ञ होते असे लिहावयाचे असेल, तर बैलापेक्षा ही सरदारी अधिक भक्कम पुरावा होय.

आता मत मांडू. पराभवाने न खचणे हा महादजींचा मुख्य गुण होता, असे आमचे मत आहे. याला आधार कोणता?

पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम आपल्या राजधानीत परतला. या कार्यात महादजी अग्रभागी होते. हा पहिला आधार.

दुसरा आधार तर आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज कप्तान पॉफम याच्या शिपायांनी रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. असा किल्ला गमावलेल्या सरदाराची पत ती काय उरणार? परंतु १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरनजीक सालबाई येथे पेशवे व इंग्रज यांच्यात तह झाला, तो महादजींच्याच मध्यस्थीने. आणि १७८३ मध्ये त्यांनी गोहदच्या राण्याकडून किल्लाही परत मिळविला.

येथेच निबंध संपविण्याचा मोह होतो. परंतु आपल्या मताला अडचणीचा ठरणारा पुरावा लपविणे हा अप्रामाणिकपणा होय. १७८४ मध्ये बादशाहीचा कारभार हाती येऊन बादशहाच्या रक्षणाचा भार महादजींवर पडला. १७८७ मध्ये लालसोट येथे राजपुतांशी लढताना फौजेतील काही पलटणी फितूर झाल्या आणि महादजींना चंबळेच्या दक्षिणेस यावे लागले. दिल्ली उघडी पडली. ऑगस्ट १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाहआलमचे डोळे काढले. ऑक्टोबरमध्ये राणेखान व कोकणातून आलेले जिवबादादा केरकर यांच्या फौजेने दिल्ली परत घेतली. परंतु वृद्ध बादशहाची दृष्टी काही परत आली नाही. पुढे १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, हेही विसरता येत नाही.

मग आमचे मत खोटे ठरले काय? नाही; ते अधिक नेमके झाले. पडल्यावर उठण्यात महादजी असामान्य होते. परंतु ते सावरेपर्यंत त्यांच्या आश्रयास असलेल्यांना त्या पराभवाची किंमत मोजावी लागली, आणि आपापसांतील वैर त्यांसही मिटविता आले नाही. नुसत्या थोर या शब्दापेक्षा हे वाक्य लांबट आहे, पण ते सहजासहजी खोडून काढता येणार नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी निवर्तले. तेथे त्यांची छत्री आहे.

मित्रहो, कोणतेही चरित्र घ्या. एक मत ठरवा. त्याला सनावळीसह दोन-तीन घटनांचा आधार द्या. विरुद्ध जाणारी निदान एक घटना शोधा. आणि मग मत पुन्हा लिहा. घरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी जरूर घ्याव्या, परंतु त्या ऐकीव आहेत असे नमूद करावे. दोनशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाला न्याय देण्यास जो शिकला, तो उद्या शेजाऱ्याविषयी उठलेल्या वावड्यांवरही एकदम विश्वास ठेवणार नाही. निबंधाच्या तासाचे याहून मोठे फळ आम्हांस ठाऊक नाही.