जेऊरची सावली आणि वाकलेला प्रकाश

इंदापूरहून भीमेच्या पलीकडे गेले की करमाळा तालुक्यात जेऊर स्टेशन लागते. आता मध्ये उजनीचे पाणी पसरले आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी भरदुपारी या भागावरून चंद्राची सावली सरकली आणि सुमारे दोन मिनिटे अंधार झाला. ते खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक जेऊरला तळ ठोकून होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्रा. कावसजी नायगमवाला यांचे पथकही तेथेच होते. अमेरिकी पथकाचे प्रमुख होते विल्यम वॉलेस कॅम्पबेल. गुरुत्वाकर्षणाची एक धाडसी कल्पना खरी की खोटी, याचा निवाडा करण्यात पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला.

कॅम्पबेल यांचा जन्म १८६२ मध्ये ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. मिशिगन विद्यापीठात ते शिकायला गेले स्थापत्य अभियांत्रिकी, पण खगोलशास्त्राचे एक पुस्तक हाती आले आणि वाट बदलली. १८९१ मध्ये ते लिक वेधशाळेत रुजू झाले. ताऱ्यांचा वेग मोजणे हे त्यांचे खास काम. तारा दूर जात असेल तर त्याच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या बाजूला. याच पद्धतीने पुढे इतर संशोधकांनी दीर्घिकांचे वेग मोजले आणि त्यातूनच १९२९ नंतर विश्व प्रसरण पावत असल्याचे चित्र उभे राहिले.

जेऊर ही ग्रहणासाठी काढलेली त्यांची पहिली मोहीम. चाळीस फुटी कॅमेरा घेऊन ते आले होते. पत्नी एलिझाबेथ सोबत होत्या आणि कामात हात लावत होत्या. त्या वेळी लक्ष होते ते सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाकडे. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो का, हा प्रश्न तेव्हा मोहिमेच्या यादीतही नव्हता.

तो प्रश्न आइन्स्टाइन यांनी पुढे आणला. सूर्याला घासून येणारा ताऱ्याचा किरण थोडा वाकेल आणि तारा जागेवरून सरकल्यासारखा दिसेल, असे त्यांचे गणित होते. सूर्याजवळचे तारे दिसतात ते फक्त खग्रास ग्रहणात. १९११ मध्ये त्यांनी काढलेला आकडा ०.८३ विकला होता. हा आकडा तपासण्यासाठी कॅम्पबेल ऑगस्ट १९१४ मध्ये रशियात कीवजवळ गेले. ऐन वेळी ढग आले. त्यातच महायुद्ध पेटले आणि उपकरणे रशियातच ठेवून परतावे लागले. एका अर्थी ते ढग आइन्स्टाइन यांच्या पथ्यावर पडले, कारण १९१५ मध्ये सिद्धांत पूर्ण झाल्यावर तोच आकडा साधारण दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला निघाला. तीन किलोमीटरवर ठेवलेले दहा रुपयांचे नाणे जेवढे दिसेल, साधारण तेवढा हा कोन!

१९१८ मध्ये ग्रहण खुद्द अमेरिकेत होते, पण अडकलेली उपकरणे वेळेत आली नाहीत. दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या भिंगांवर काम भागवले गेले. मोजमाप आइन्स्टाइन यांच्या विरोधात जात होते आणि जुलै १९१९ मध्ये लंडनमध्ये कॅम्पबेल यांनी तसे सांगितलेही. मात्र मोजणीतील चूक फार मोठी असल्याचे लक्षात येताच त्यांनी निष्कर्ष छापणे थांबवले. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रिटिश शास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या पथकाने आइन्स्टाइन यांच्या बाजूने निकाल दिला. जगभर गाजावाजा झाला, तरी शंका मिटल्या नव्हत्या.

कॅम्पबेल यांनाही सिद्धांत पटलेला नव्हता. तरीही २१ सप्टेंबर १९२२ रोजी ते ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर वॉलाल येथे सज्ज होते. या वेळी खास तयार केलेले कॅमेरे होते आणि खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक होती. सहकारी ट्रम्पलर यांनी त्याच ताऱ्यांची रात्रीची छायाचित्रे ताहिती बेटावर आधीच घेऊन ठेवली होती. काचेच्या प्लेटा मोजायला कित्येक महिने लागले. एप्रिल १९२३ मध्ये उत्तर मिळाले : सरासरी १.७४ विकला. स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला हा निकाल कॅम्पबेल यांनी जाहीर केला आणि तारेने आइन्स्टाइन यांनाही कळवला.

पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. उतारवयात दृष्टी अधू होत गेली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

सूर्यामुळे प्रकाश किंचित वाकतो. कृष्णविवराजवळ तो इतका वाकतो की फार जवळ गेलेला किरण परत येतच नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्याभोवतीच्या प्रकाशाच्या कड्याचे चित्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला शेतात गेलेल्या शेतकऱ्याला दक्षिणेकडे धनु राशीत आकाशगंगेचा जो दाट पट्टा दिसतो, त्याच दिशेला ते आहे.

कृष्णविवरे आणि विश्वाचा विस्तार यांविषयी आजही नवनव्या कल्पना मांडल्या जातात. त्यांतली कोणती टिकेल, हे ती किती आकर्षक आहे यावर ठरत नाही. मोजून पाहावे लागते आणि आकडा आपल्या विरोधात गेला तरी तो मान्य करावा लागतो. कॅम्पबेल यांनी तेच केले.