रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न



आपले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, संत मुक्ताईच्या नावाने सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. आषाढी एकादशीपूर्वी मुक्ताईची पालखी येथून पंढरपुरास निघते, तेव्हा आपल्या शेजारचे व ओळखीचे कितीतरी भाविक स्त्रीपुरुष तिच्यासंगे वाट चालू लागतात. त्यांची देवभक्ती पाहून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, अशा या सज्जनांच्या तारणाचे काय? आणि त्यांचे तारण होऊ शकत असेल, तर मग आपण आपल्या लेकरांना एवढ्या तातडीने पवित्र स्नानसंस्कारासाठी का नेतो?

हा प्रश्न ज्यांनी केवळ बुद्धीने नव्हे, तर आपला संसार पणास लावून सोडविण्याचा यत्न केला, त्या नारायण वामन टिळकांचे चरित्र या मंगलप्रसंगी आठवणे उचित होईल. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तथापि पाण्याने व पवित्र त्रैक्याच्या नावाने यथाविधी दिलेला बाप्तिस्मा इतर पंथीयांच्या हातून झाला असला, तरी आपली ख्रिस्तसभा तो खरा मानते. तेव्हा त्यांस बंधू म्हणावयास आपणांस कोणताच संकोच नको.

टिळकांचा जन्म इ.स. १८६१ मध्ये कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. बाळपणीच मातृसुख अंतरल्यावर ते नाशिकास आले व तेथे त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. इ.स. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वभाव अस्वस्थ, मन सत्याचे भुकेले. त्यामुळे एका गावी वा एका नोकरीत ते फार काळ स्थिरावले नाहीत. इ.स. १८९३ मध्ये राजनांदगावकडे आगगाडीने जात असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार भेट दिला. ते पुस्तक वाचता वाचता प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि आजवर जे शोधीत होतो ते येथे आहे, अशी त्यांच्या मनाची खात्री झाली.

परंतु खात्री होणे निराळे आणि बाप्तिस्मा घेणे निराळे! त्या काळी एखाद्या ब्राह्मणाने घरात बसून ख्रिस्ताची स्तुती केली, तर लोक फार तर नाक मुरडीत. बाप्तिस्मा घेताच मात्र जात गेली, घर गेले, आप्तेष्ट गेले. टिळकांच्या पुढे पत्नीचा व लहानग्या दत्तूचा वियोग उभा होता. अंतःकरणात श्रद्धा आहे, मग चार थेंब पाण्यावाचून काय अडले, असा युक्तिवाद त्यांस सहज करता आला असता, व त्यांस कोणी दोषही दिला नसता. त्यांचे मन पुष्कळ दिवस डोलत राहिले. अखेर दि. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या प्रभूला मनाने स्वीकारले, त्याची आज्ञा उघडपणे पाळल्यावाचून त्यांस राहवेना.

त्याचे मोल लक्ष्मीबाईंनाही द्यावे लागले. पतिपत्नींची अनेक वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी त्यांनी आपले अन्नपाणी निराळेच ठेविले. हळूहळू त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत ढासळली, आणि इ.स. १९०० मध्ये, आपली स्वतःची खात्री पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिकत त्यांच्या स्मृतिचित्रे या ग्रंथात वाचावयास मिळते.

टिळकांचे आपल्या खानदेशाशी जडलेले नाते याच प्रश्नाशी निगडित आहे. इ.स. १९०७ मध्ये जळगाव येथे कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलास तेथे बालकवी ही पदवी मिळाली. टिळक त्या संमेलनास आले होते. पुढे हा तरुण कवी अहमदनगरास टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती नव्हता व पुढेही झाला नाही. दि. ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला. ज्या घराने त्यास पोटच्या पोराप्रमाणे मानिले, त्या घरापुढे बाप्तिस्म्याचा प्रश्न ग्रंथातला राहिला नव्हता. तो ओळखीच्या चेहऱ्याने उंबरठ्यावर उभा होता.

तत्पूर्वीच, इ.स. १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली. संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांनी स्थान दिले. तुकोबांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्तापाशी पोहोचविले, असे मानणाऱ्या या भक्तास आपले देशबांधव दाराबाहेर तिष्ठत ठेवणे सोसवले नाही. दि. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे हा दरबार फार काळ टिकला नाही.

आता ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ते पाहू. पाणी व आत्मा यांच्यायोगे नवा जन्म झाल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे प्रभूने निकदेमास सांगितले. म्हणून शुभवर्तमान ज्यांस कळले व बाप्तिस्मा मागणे ज्यांस शक्य आहे, त्यांस तो तारणासाठी आवश्यकच आहे. परंतु त्याच प्रभूने क्रुसावरील पश्चात्तापी चोरास सुखलोक दिला. इ.स. ३९२ मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा धरून असता तो होण्यापूर्वीच मरण पावला, तेव्हा संत अँब्रोजने त्याच्या शोकाकुल बहिणींचे याच आशेने सांत्वन केले. इ.स. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याबरोबर त्याच्या इच्छेचाही उल्लेख केला, आणि इ.स. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, स्वतःच्या दोषावाचून ज्यांस शुभवर्तमान कळले नाही, परंतु जे प्रांजळपणे देवास शोधतात व त्याच्या कृपेने विवेकाप्रमाणे वागतात, त्यांसही तारण मिळू शकते. देवाने तारण या संस्काराशी जोडले आहे. देव स्वतः मात्र त्याने बांधलेला नाही. बांधलेले आहोत ते आपण.

यावरून टिळकांच्या दरबाराविषयी आपणांस काय म्हणता येईल? देवाची दया बाप्तिस्म्याच्या पलीकडेही पोहोचते, हे त्यांनी अचूक ओळखिले. परंतु ही दया पाहून बाप्तिस्मा ऐच्छिक मानणे योग्य नव्हे. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, तरीही संत पेत्राने त्यांस बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. कृपा आधी आली म्हणून पाणी अनावश्यक ठरले नाही. आणि दरबार उघडणाऱ्या टिळकांनी स्वतः काय केले, हेही विसरू नये. इतरांसाठी त्यांनी दार उघडे ठेविले. पण स्वतःसाठी सवलत मागितली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना बाप्तिस्मा आईच्या मांडीवर, काही न गमावता मिळाला. टिळकांनी त्यासाठी घरदार गमाविले. मुक्ताईची पालखी पुढल्या वेळी दारावरून जाईल, तेव्हा त्या वाटसरूंचा निवाडा करण्याचे काम आपले नाही, हे ध्यानी धरू. त्यांस आपण दयाघन परमेश्वराच्या हाती सोपवू. आपला हिशेब मात्र निराळा आहे. जे दान आपणांस फुकट मिळाले, त्यास शोभेल असे आपण जगलो काय, हे आपणांस विचारले जाईल. या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून काढावी, तो दिवस पाळावा, आणि त्या दिवशी आपल्या एखाद्या शेजाऱ्यासाठी प्रेमाने प्रार्थना करावी.