पाकाची तार आणि काचेचा रस

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे भिवंडीत गेली. यंत्रमागांच्या कर्जासाठी पाहणीला गेलो की मी आधी जॉबरला गाठायचो. मागाच्या नुसत्या आवाजावरून तो बिघाड ओळखायचा. पण कसा, हे त्याला सांगता यायचे नाही. असा माणूस गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. काचेच्या धंद्यातही शतकानुशतके हेच चालले होते. ते ज्यांनी बदलले, त्यांत जर्मनीच्या ओटो शॉटचे नाव फार वरचे आहे.

शॉटचा जन्म १७ डिसेंबर १८५१चा, विटेन गावातला, काच कारखानदाराच्या घरातला. घरच्या भट्टीवर आयुष्य सुखात गेले असते. पण हा गडी रसायनशास्त्र शिकला आणि १८७५मध्ये येना विद्यापीठाचा डॉक्टर झाला. विषय कोणता, तर खिडकीच्या काचेतले दोष!

काचेची गंमत अशी, की बर्फासारखा तिला वितळण्याचा एक ठरलेला बिंदू नसतो. ती हळूहळू सैल होते आणि हळूहळूच आळते. लाडवाचा पाक करणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. क्षणभर चूक झाली की लाडू बिघडलाच. काचेच्या रसाचा हा दाटपणा, म्हणजे शास्त्रातली श्यानता, कोणत्या उष्णतेला किती, यावर सारा धंदा उभा असतो.

१८७९मध्ये शॉटने लिथियम घातलेल्या नव्या काचेचा नमुना येनाच्या अर्न्स्ट अ‍ॅबे या शास्त्रज्ञाकडे पाठवला. भिंगासाठी तो उपयोगाचा ठरला नाही. शॉट खचला नाही. रस ढवळून त्याने एकजीव काच मिळवली. १८८२मध्ये तो येनाला आला आणि १८८४मध्ये अ‍ॅबे व झाइस पितापुत्रांबरोबर त्याने काचेची प्रयोगशाळा काढली. प्रशियाच्या सरकारने ६०,००० मार्कांचे साहाय्य दिले. तारण काय, तर अजून न बनलेली काच! आमच्या हेड ऑफिसने अशी फाईल नक्की परत पाठवली असती.

जुन्या वरातीतली गॅसबत्ती आठवते? पावसाचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की ती तडकायची. शॉटने काचेत बोरॉन, म्हणजे आपल्या टाकणखारातले मूलद्रव्य, मिसळून उष्णतेने फारशी न फुगणारी बोरोसिलिकेट काच घडवली. १८९०च्या दशकात गॅसच्या दिव्यांसाठी ती खूप खपली. पण तिचा रस हट्टी. साधी काच १००० अंश सेल्सिअसच्या आसपास फुंकता येते, हिला सुमारे १२५० अंश लागतात. आज प्लॅटिनमची दांडी अशा रसात फिरवून, तिला किती जोर लागतो यावरून दाटपणा मोजतात. फुंकण्याच्या वेळी तो मधाच्या सुमारे शंभरपट भरतो. थंड होतानाचा ताण कोणत्या उष्णतेला सुटू लागतो, याचाही शॉटने अभ्यास केला आणि भिंगाची काच अगदी सावकाश निववण्याची रीत बसवली.

१९१९मध्ये शॉटने कारखान्यातला आपला हिस्सा अ‍ॅबेने स्थापन केलेल्या झाइस प्रतिष्ठानाला देऊन टाकला. मालकी सोडली, काम सोडले नाही. १९२६मध्ये तो निवृत्त झाला आणि २७ ऑगस्ट १९३५ रोजी वारला.

पुढे १९४५मध्ये अमेरिकन सैन्याने येनातून ४१ काचतज्ज्ञांना पश्चिमेकडे नेले. त्यांत शॉटचा मुलगा एरिखही होता. कारखाना मागे राहिला, पण ज्ञान सोबत होते. त्यावरच १९५२मध्ये माइन्झला नवा कारखाना उभा राहिला. आपल्याकडच्या बोरोसिलचे नावही या काचेवरूनच पडले आहे.

कोरोनाच्या साथीत आपण दंडावर लस टोचून घेतली. ती ज्या इवल्या बाटल्यांतून आली, त्याही याच जातीच्या काचेच्या होत्या. रांगेत उभ्या असलेल्या कुणाला शॉट हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.