सासऱ्यांच्या सरकारला जाब विचारणारे फिरोज गांधी

सप्टेंबर महिन्यात फिरोज गांधी यांचा जन्मदिनही येतो आणि स्मृतिदिनही. १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईत जन्म, ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत मृत्यू. अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस कमी. आज त्यांची आठवण निघते ती बहुधा त्यांच्या आडनावावरून, नाहीतर त्यांच्या धर्माविषयीच्या अफवांवरून. ते पारशी होते आणि महात्मा गांधींशी त्यांचे कसलेही नाते नव्हते, एवढे सांगितले की त्या अफवा संपल्या पाहिजेत. सांगण्यासारखे आहे ते वेगळेच. हा माणूस पंतप्रधानांचा जावई होता, सत्ताधारी पक्षाचा खासदार होता आणि तरीही सरकारच्या तिजोरीला कोण हात लावतो याचा जाब त्याने भर लोकसभेत विचारला.

आंबेडकरी चळवळीच्या वृत्तपत्रात एका काँग्रेस खासदाराचे चरित्र कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या भाषणात आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली होती. अध्यक्षीय पद्धतीत सरकार स्थिर असते, पण त्याच्या जबाबदारीचा हिशेब ठराविक काळानेच होतो. संसदीय पद्धतीत तो हिशेब रोज होतो. सभासद प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वास आणून तो घेतात. स्थैर्यापेक्षा जबाबदारी मोठी, म्हणून मसुद्यात संसदीय पद्धत स्वीकारली, असे त्यांनी स्पष्ट केले होते. म्हणजे संसदेतला प्रश्न ही घटनाकारांनी जाणीवपूर्वक निवडलेल्या राज्यपद्धतीची नाडी आहे. ती कशी चालते हे पाहायचे तर फिरोज गांधींकडे पाहावे लागते.

फिरोज यांचे वडील जहांगीर हे जहाजावर इंजिनिअर होते. ते वारल्यावर कुटुंब अलाहाबादला मावशीच्या आश्रयाला गेले. मावशी तिथल्या लेडी डफरिन हॉस्पिटलमध्ये सर्जन होत्या. १९३० साली फिरोज यांच्या कॉलेजबाहेर महिलांची निदर्शने चालली होती. त्यात असलेल्या कमला नेहरू उन्हाने चक्कर येऊन पडल्या. मदतीला धावलेला हा तरुण लवकरच कॉलेज सोडून चळवळीत उतरला आणि तुरुंगात गेला. फैजाबादच्या तुरुंगात लालबहादूर शास्त्री त्यांच्यासोबत होते. पुढे लंडनला शिक्षण, १९४२ च्या मार्चमध्ये इंदिरा नेहरूंशी विवाह आणि त्याच वर्षी पुन्हा तुरुंग. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी लखनौला नॅशनल हेराल्ड या वृत्तपत्राचा कारभार पाहिला. वृत्तपत्र चालवताना कागदाचा, जाहिरातीचा आणि कर्जाचा हिशेब त्यांच्या हातून गेला. ताळेबंद वाचायची सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असावी.

१९५२ साली ते रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आले. पहिली काही वर्षे ते मागच्या बाकावर शांत बसून असत. डिसेंबर १९५५ मध्ये मात्र त्यांनी तोंड उघडले. विमा कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा चालू होती. फिरोज गांधींनी रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचे प्रकरण काढले. विमेदारांनी हप्त्याहप्त्याने भरलेला पैसा मालकाच्या सट्ट्यात आणि इतर उद्योगांत कसा वळवला गेला, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. हे भाषण आरडाओरड्याचे नव्हते, कागदपत्रांचे होते. दालमिया यांच्यावर खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषी धरले. दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांची चौकशी करायला नेमलेल्या न्यायमूर्ती तेंडोलकर आयोगाला दालमियांनी आव्हान दिले होते. त्यावरचा १९५८ चा निकाल आम्हा वकिलांना कॉलेजपासून पाठ असतो. घटनेच्या १४ व्या कलमातली समता म्हणजे काय, हे शिकवायला आजही तो निकाल काढला जातो.

त्या भाषणानंतर थोड्याच दिवसांत, १९ जानेवारी १९५६ रोजी, वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. देशभरच्या २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सहा आठवडे आधी. चळवळीच्या वाचकांना इथे एक गोष्ट आठवली पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात विमा ही राज्याचीच मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात विमा उतरवणे सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. सरकारने १९५६ मध्ये केलेले राष्ट्रीयीकरण त्या निवेदनावरून केले नव्हते, हे खरे. परंतु गरिबाची बचत खाजगी शेठजींच्या हाती सुरक्षित नाही, हे बाबासाहेबांनी नऊ वर्षे आधी ओळखले होते.

मग सरकारच्या हाती तरी ती सुरक्षित आहे का? हा प्रश्न पुढच्याच वर्षी उभा राहिला.

कलकत्त्याचे हरिदास मुंदडा हे शेअर बाजारात खेळणारे उद्योगपती. त्यांच्या डोक्यावर कर्ज झाले होते. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. या सहांत मुंबईची रिचर्डसन अँड क्रूडास होती, कलकत्त्याची जेसप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती. पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवायला महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला न विचारताच हा व्यवहार झाला. त्या काळचे सव्वा कोटी म्हणजे शिक्षकाच्या, कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या हप्त्यांतून जमलेला पैसा.

सप्टेंबर १९५७ मध्ये काँग्रेसचेच खासदार डॉ. राम सुभग सिंह यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. उत्तर गोलमाल आले. पण प्रश्न तिथे मेला नाही. हिवाळी अधिवेशनात तो पुन्हा आला आणि या वेळी फिरोज गांधी उपप्रश्नांना उभे राहिले. १६ डिसेंबरला त्यावर चर्चा झाली. महामंडळ संसदेने निर्माण केलेले आहे, तेव्हा त्याच्या पैशाचे काय झाले हे विचारणे संसदेचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. कोणत्या तारखेला कोणता शेअर काय भावाने घेतला, बाजारात तो काय भावाने मिळत होता, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना सरळ उत्तर देता आले नाही.

कोर्टात साक्षीदाराची सरतपासणी होते आणि मग उलटतपासणी. सरतपासणीत साक्षीदार पाठ करून आलेले सांगतो. खरे बाहेर येते ते उलटतपासणीत. संसदेत तारांकित प्रश्नाचे उत्तर ही सरतपासणी आहे. ते मंत्रालयातले अधिकारी तयार करतात आणि मंत्री वाचतो. उपप्रश्न ही उलटतपासणी आहे. तिथे मंत्र्याला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. आणि कोणताही वकील सांगेल की कागद वाचल्याशिवाय उलटतपासणीला उभे राहणारा स्वतःचाच खटला बुडवतो. फिरोज गांधी कागद वाचून उभे राहत.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला. छागलांनी चौकशी बंद दाराआड केली नाही. मुंबईत उघड सुनावणी झाली. आत जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले, इतकी गर्दी लोटली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थ खात्याचे सचिव, स्वतः मंत्री, सर्वांच्या साक्षी झाल्या. शेअर बाजार सावरण्यासाठी हा व्यवहार केला, असा बचाव अधिकाऱ्यांनी मांडला. तो छागलांना पटला नाही. सचिवाने केले, मला माहीत नव्हते, असे म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही. खात्याच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि त्याच महिन्यात कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मुंदडा पुढे तुरुंगात गेले. सप्टेंबरचा प्रश्न, डिसेंबरची चर्चा, फेब्रुवारीचा राजीनामा. आजच्या चौकशी आयोगांची मुदतवाढ पाहता हा वेग खरा वाटणार नाही.

कथा इथे संपवली तर ती फार गोड होईल. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. ज्यांच्यावर ठपका आला ते सचिव एच. एम. पटेल १९७७ मध्ये जनता सरकारात अर्थमंत्री झाले. प्रस्थापित एकमेकांना सावरून घेतात. मग प्रश्न विचारून मिळाले काय? मिळाले हे की जनतेच्या पैशाचा मालक कोण, याचा एक दाखला कायमचा नोंदला गेला.

फिरोज गांधींनी आणखी एक मोठे काम केले. संसदेत सदस्याने काहीही सांगितले तरी त्याच्यावर खटला होत नाही, पण तेच छापणाऱ्या वृत्तपत्रावर होऊ शकत असे. म्हणजे खासदाराने सभागृहात शेठजीचे नाव घ्यायचे आणि वृत्तपत्राने भीतीपोटी ते गाळायचे. हे अडवण्यासाठी त्यांनी खाजगी विधेयक आणले आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा सद्हेतूने दिलेला खरा वृत्तांत छापणाऱ्याला संरक्षण मिळाले. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंजूर केलेली खाजगी विधेयके अवघी १४, त्यातले हे एक. पुढे आणीबाणीत त्यांच्याच पत्नीच्या सरकारने हा कायदा रद्द केला. १९७७ मध्ये तो पुन्हा आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने, ३६१-अ या कलमाने, त्याला घटनेचेच कवच मिळाले. आपल्या छोट्या वृत्तपत्रांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

ते कोणाच्याही तोंडाकडे पाहून बोलत नसत. टाटांची टेल्को कंपनी रेल्वेला जपानी इंजिनांपेक्षा फार महाग इंजिने विकते, असा आक्षेप घेऊन त्यांनी तिच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी केली, तेव्हा त्यांचाच पारशी समाज त्यांच्यावर रागावला. १९५९ मध्ये केरळचे निवडून आलेले सरकार बरखास्त झाले. तेव्हा त्यांची पत्नी काँग्रेसची अध्यक्ष होती, तरी त्यांनी विरोध केला. त्याची किंमत घरातही मोजावी लागली असणार. १९५८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या झटक्याने ते गेले.

प्रश्न टाळला तर काय होते, याचेही उदाहरण दिले पाहिजे, कारण जोखीम नुसती पैशाची नसते. डिसेंबर १९८२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या धोक्याविषयी प्रश्न निघाला. शहराला कसलाही धोका नाही, असे मंत्र्यांनी सांगितले आणि कारखान्यात कोट्यवधी रुपये गुंतले आहेत, याचीही आठवण करून दिली. सुमारे दोन वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, त्याच कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. सर्वांत आधी मेली ती कारखान्याच्या भिंतीला लागून झोपडीत झोपलेली. मुंदडा प्रकरणात उपप्रश्नाने मंत्र्याची पाठ सोडली नाही. भोपाळमध्ये मंत्र्याच्या उत्तरावर सगळे थांबले. एकीकडे पैसा गेला, दुसरीकडे माणसे गेली.

बांधवांनो, आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्राच्या विधिमंडळातली छापील उत्तरे आपण वाचतो का? हे खरे नाही, अंशतः खरे आहे, चौकशी सुरू आहे आणि शेवटी प्रश्न उद्भवत नाही. या चार ओळींत कितीतरी वस्त्यांचे पाणी, कितीतरी वसतिगृहांचा निधी आणि शिष्यवृत्त्या गाडल्या जातात. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवला, अशी ओरड आपण मोर्चात करतो. मोर्चा हवाच. पण कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद, किती खर्च, किती परत गेला, हे कागदावर मांडून आपल्या आमदाराच्या हाती किती जणांनी दिले? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. कागद मिळवणे फिरोज गांधींच्या काळापेक्षा आज सोपे आहे. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. तेव्हा रस्त्यावर कोणी आले नाही, कारण तो तास आपला आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आपण राखीव जागेवरून माणूस निवडून पाठवतो आणि तो पक्षाच्या बाकावर बसून पाच वर्षे हात वर करतो. त्याला आपण एकच विचारावे. पंतप्रधानांच्या जावयाला जे जमले ते तुला का जमत नाही? आणि ते विचारण्याआधी त्याच्या हातात ठेवायला कागद तयार असावा. रोजचा हिशेब घ्यायची सोय बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. तो घ्यायला आपला माणूस उभा राहतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

जय भीम!