हवं किती, गरज किती?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 70-71

कितीही नद्या येऊन मिळाल्या तरी समुद्र हलत नाही. इच्छा मनात येऊनही जो तसा स्थिर राहतो, शांती त्यालाच, असं हे श्लोक सांगतात.

वाचताना मला गाडगेबाबा आठवले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला परिटाचा डेबूजी. 1905 मध्ये घर सोडलं, त्यानंतर अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं, एवढाच त्यांचा संसार. कीर्तनाला हजारो लोक येत, पैसाही येई. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या परक्यांच्या निवाऱ्यासाठी. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले, तेव्हाही ते तसेच रिकाम्या हाताचे होते.

परवा धानाचे पैसे आले. इथे सालेकसाला घरी बसून मी यादी केली : नवा मोबाईल, मोठा टीव्ही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सगळ्यात खाली, पुढच्या वर्षी बघू म्हणून.

आज ते वर घेतलं. टीव्ही खोडला. मोबाईल अजून खोडवत नाही, खरं सांगतो.

तुम्हीही आपली यादी एकदा काढून बघा.

देवा, हवं आणि गरज यातला फरक कळू दे. राम कृष्ण हरी.